चाकणचे चोवीस हजार की भोसरीचे सतरा?

आधी प्रश्न थोडक्यात. विचारणारा मुलगा एकवीस वर्षांचा, लातूरकडचा, आयटीआय इलेक्ट्रिशियन, एक वर्षाची अप्रेंटिसशिप पूर्ण केलेला. हातात दोन बोलावणी आहेत. एक चाकणला, मोठ्या कंपनीच्या स्विचगिअर (वीज चालू-बंद करणारी उपकरणं) असेंब्ली लाइनवर, पण ठेकेदारामार्फत, 'सीटीसी २४,००० महिना', म्हणजे एका माणसामागे होणारा एकूण खर्च. दुसरं भोसरीत, विजेचे कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या चौदा माणसांच्या शॉपमध्ये, '१७,००० हातात, रोख'. त्याला विचारायचंय की पुण्यात इलेक्ट्रोमेकॅनिकल असेंबलरला पगार किती मिळतो. तो आकडा कळला की या दोघांपैकी कोण आपल्याला गंडवतंय ते कळेल, असा त्याचा हिशेब.

मी १९९८ साली भोसरीत हेल्पर म्हणून लागलो. आज पॅनेल आणि स्पेशल पर्पज मशीन बनवणाऱ्या एका शॉपची असेंब्ली बघतो. मुलं घेणं, त्यांचा पगार ठरवणं आणि दर एप्रिलला त्यांची तोंडं बघणं, तिन्ही माझ्याकडेच. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बोलू शकतो.

तुमचा प्रश्न आकड्याचा दिसतो, पण 'पुण्याची सरासरी' कळून तुमचं काही हलणार नाही. कारण 'असेंबलर' या एका शब्दाखाली निदान पाच वेगवेगळी माणसं काम करतात. लाइनवर एकाच स्टेशनला उभं राहून ब्रेकरमध्ये तेच सहा स्क्रू आवळणारा असेंबलर. मोटर-गिअरबॉक्स बसवून डायल इंडिकेटर लावून अलाइनमेंट करणारा असेंबलर. बसबार (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या) वाकवून, भोकं पाडून पॅनेलमध्ये बसवणारा, कंट्रोल वायरिंग ओढणारा, आणि सगळं झाल्यावर मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून, सप्लाय देऊन, ग्राहकाच्या इन्स्पेक्टरसमोर उभा राहणारा, हेही असेंबलरच. पहिल्या आणि शेवटच्या माणसाच्या पगारात दुपटीचा फरक असतो आणि दोघांच्या ओळखपत्रावर हुद्दा एकच लिहिलेला असतो. यांची सरासरी काढणं म्हणजे वडापाव आणि लग्नातलं जेवण यांची सरासरी किंमत काढण्यासारखं आहे.

तेव्हा खरे प्रश्न दोन. हे चोवीस आणि सतरा प्रत्यक्षात किती आहेत? आणि तीन वर्षांनी यातला कुठला रस्ता तुम्हाला कुठे नेऊन सोडतो?

चोवीस हजार आधी उघडून बघू. ठेकेदाराची फोड प्रत्येकाची थोडी निराळी असते, पण साधारण अशी बसते असं धरा: बेसिक आणि डीए मिळून १५,०००, घरभाडं २,००० आणि हजेरी भत्ता २,०००. म्हणजे ग्रॉस १९,०००. उरलेले पाच हजार कुठे गेले? मालकाच्या वाट्याचा पीएफ, प्रशासन खर्च आणि विमा धरून १३ टक्के, १,९५०. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, सव्वातीन टक्के, ६१८. बोनस ८.३३ टक्के, १,२५०. ग्रॅच्युइटीच्या नावाने ७२२. गणवेश, बूट वगैरेंचे ४६०. झाले २४,०००. या पाच हजारांतला एकही रुपया दर महिन्याला तुमच्या हातात येत नाही.

आता ग्रॉसमधून तुमच्या वाट्याची कपात. पीएफ १२ टक्के, १,८००. ईएसआय पाऊण टक्का, १४३. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. हातात पडले १६,८५७. म्हणजे भोसरीवाला तुम्हाला चाकणपेक्षा १४३ रुपये जास्तच देतोय. नेमका तुमच्या ईएसआयचा आकडा, हा निव्वळ योगायोग. पण मला गंमत वाटली.

त्यात तो हजेरी भत्ता नीट बघा. बऱ्याच ठिकाणी महिन्यात एक खाडा झाला की पूर्ण दोन हजार जातात, शिवाय त्या दिवसाचा पगार जातो तो वेगळा. वरच्या फोडीत एक बिनपगारी खाडा पडला तर हातात १४,३०० च्या आसपास येतील. गावाकडे आजी आजारी पडली आणि एक दिवस राहिलात, तर तो दिवस अडीच हजारांना पडला. मुलं लाइनवर ताप अंगावर काढतात ते यामुळे.

मग चाकणचा सौदा वाईट का? तसंही नाही. तुमचे १,८०० आणि मालकाच्या वाट्यातले ५५० असे २,३५० दर महिन्याला तुमच्या पीएफ खात्यात जमा होतात, मालकाचे उरलेले १,२५० पेन्शन खात्यात जातात. बोनस वर्षातून एकदा मिळतो. वर्ष पुरं नाही केलं तरी तीस दिवस भरले असतील तर त्या प्रमाणात तुमचा हक्क आहे. सोडून गेलेली मुलं तो मागायलाच जात नाहीत आणि ठेकेदार आठवण करून देत नाही. ग्रॅच्युइटीचे ७२२ मात्र मी तुमच्या जागी असतो तर शून्य धरले असते. नियमित कामगाराला त्यासाठी पाच वर्षं लागतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात निश्चित मुदतीच्या कामगाराला एका वर्षावर ग्रॅच्युइटी आहे. पण तुमच्या नेमणूकपत्रात तसं लिहिलंय का ते वाचून घ्या. ठेकेदाराकडचा प्रत्येक जण आपोआप निश्चित मुदतीचा होत नाही.

थोडक्यात, चाकणचे चोवीस म्हणजे हातात पावणेसतरा, खात्यात सव्वादोन-अडीच, आणि वर्षाअखेर साधारण एका पगाराएवढा बोनस. भोसरीचे सतरा म्हणजे सतरा.

आता तास मोजा. हे कुणीच करत नाही. चाकणला आठ तासांची शिफ्ट, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २०८ तास. हातातल्या पगाराला भागलं तर तासाला ८१ रुपये. भोसरीत 'सकाळी नऊ ते सात, माल जायचा असला की आठ' असं असेल, आणि लहान शॉपमध्ये ते तसंच असतं, तर दहा तासांप्रमाणे २६० तास. तासाला ६५ रुपये. वरच्या तासांचा मोबदला म्हणून चहा आणि वडापाव. तेव्हा भोसरीच्या मालकाला पहिला प्रश्न हा विचारा: आठ तासांनंतरचं कसं? उलट चाकणला विचारायचं ते ओव्हरटाइमचा दर. कायद्याने तो दुप्पट आहे. नुसतं बेसिक १५,००० धरलं तरी तासाला ७२, दुप्पट १४४. महिन्यात चाळीस तास थांबलात तर ५,७६०. भत्ते धरून आणखी वाढतो. काही ठेकेदार 'सिंगल ओटी' देतात, म्हणजे त्याच चाळीस तासांचे २,८८०. या एका प्रश्नाच्या उत्तरात महिन्याला तीन हजारांचा फरक लपलेला असतो, आणि मुलाखतीत मुलं विचारतात कॅन्टीनमध्ये जेवण कसं आहे ते.

भोसरीच्या रोख पगाराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण यात माझे हात पोळलेत. पहिल्या शॉपमध्ये मी चार वर्षं काढली. पगार पाकिटात, पाकिटावर पेन्सिलने आकडा. मालक माणूस म्हणून चांगला होता, दिवाळीला कपडे घ्यायचा. पुढे त्याचं एका मोठ्या ग्राहकाकडे बिल अडकलं आणि शॉप बंद पडलं. मी दुसरीकडे मुलाखतीला गेलो तर त्यांनी विचारलं, चार वर्षांचा पुरावा? माझ्याकडे एकही कागद नव्हता. फ्रेशरच्या पगारावर पुन्हा सुरुवात केली. आज पीएफच्या नोंदीवरून कुठे कधीपासून कधीपर्यंत होता ते कळतं, आणि बऱ्याच कंपन्यांचे एचआरवाले अनुभवपत्राआधी तीच बघतात. म्हणून एक सूचना: ठेकेदार बदलला तरी यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच द्यायचा. प्रत्येक ठेकेदाराने नवा नंबर काढला की पेन्शनसाठी लागणाऱ्या दहा वर्षांच्या सेवेचे तुकडे होतात आणि ते जुळवता जुळवता नाकी नऊ येतात.

चौदा माणसांच्या शॉपला पीएफ सक्तीचा नाही, त्याला वीस माणसं लागतात. पण ईएसआय दहा माणसांवर लागतो. म्हणजे तो तुम्हाला मिळायलाच हवा. २१,००० पर्यंतच्या वेतनाला तो लागू आहे, त्यात ओव्हरटाइम धरत नाहीत. याला हसू नका. आपल्या कामात बोटं जातात. बसबार पंचिंगवर, होइस्टखाली, पत्र्याच्या धारेवर. कामावर जखम झाली तर घरी बसल्या काळात वेतनाच्या ९० टक्के ईएसआयकडून मिळतात आणि उपचार फुकट. ते कार्ड नसेल तर 'टाके घालून आण, मी बघतो' यावर भागवावं लागतं. मालक किती बघतो ते त्या महिन्यात त्याच्याकडे किती पैसे आहेत त्यावर अवलंबून.

एवढं वाचून वाटेल की मी चाकणला जा म्हणतोय. थांबा.

मी मुलं घेताना तोंडी फार विचारत नाही. टेबलावर एक कॉन्टॅक्टर (विजेवर ओढला जाणारा स्विच), एक ओव्हरलोड रिले, हिरवं आणि लाल पुश बटण, वायर, क्रिंपिंग टूल आणि एक पानाचं ड्रॉइंग ठेवतो. साधा डीओएल स्टार्टर, म्हणजे मोटर थेट सप्लायवर चालू-बंद करणारं सर्किट. चाळीस मिनिटं देतो आणि चहा घेऊन बाजूला बसतो. सर्किट चाललं की नाही ते शेवटी बघायचं. आधी बघायचं ते हात. इन्सुलेशन सोलताना तांब्याच्या तारा तुटल्या का. फेरूल नंबर (वायरच्या टोकावरचे ओळखीचे आकडे) वाचता येईल असे बसवले का. स्क्रू आवळल्यावर वायर बोटाने ओढून बघितली का.

मागे एका आठवड्यात दोन मुलं आली. पहिला चार वर्षं लाइनवर काढलेला, हात इतका सफाईदार की बघत राहावं. वीस मिनिटांत काम संपलं. सप्लाय दिला, हिरवं बटण दाबलं, कॉन्टॅक्टर टक् करून ओढला गेला. बटण सोडलं, कॉन्टॅक्टर सुटला. त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग म्हणाला, "साहेब, कॉन्टॅक्टर खराब आहे." बटण सोडल्यावरही कॉन्टॅक्टर ओढलेला राहावा म्हणून हिरव्या बटणाला समांतर होल्डिंगचा कॉन्टॅक्ट जोडायचा असतो, तो ड्रॉइंगवर स्पष्ट होता. त्याला ड्रॉइंग वाचताच आलं नाही. चार वर्षं तो सहा नंबरच्या स्टेशनवर होता, त्याच्यासमोर ड्रॉइंग कधी आलंच नव्हतं. दुसरा बीडकडचा, दीड वर्ष एका लहान शॉपमध्ये काढलेला, हात हळू. पूर्ण चाळीस मिनिटं लागली. पण सप्लाय देण्याआधी त्याने मान वर करून विचारलं, "मल्टिमीटर मिळेल का?" कंटिन्युइटी, म्हणजे जोडणी सलग आहे का, ते बघितलं, एक वायर चुकली होती ती स्वतःच काढून बदलली, आणि मग म्हणाला आता द्या सप्लाय. त्याने अठरा मागितले होते, मी साडेवीस दिले. पहिल्याला त्याच्या आधीच्या एकोणीसपेक्षा जास्त देणं मला परवडलं नसतं, तो दुसरीकडे गेला. चूक त्याची नव्हती, पण चार वर्षं गेली ती त्याचीच.

लाइनचा कमीपणा करायचा नाही. टॉर्क रिंच सेट करून वापरणं, आवळलेल्या बोल्टवर मार्किंग करणं, चेकलिस्ट भरणं ही शिस्त मोठ्या कंपनीत लागते तशी लहान शॉपमध्ये लागत नाही. बसबारचा एक जोड ढिला राहिला की तिथे उष्णता होते, सहा महिन्यांनी काळा पडतो आणि एके रात्री ग्राहकाचा प्लांट बंद. लाइनवरून आलेल्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. पण पगार वाढतो तो ड्रॉइंग वाचणाऱ्याचा आणि टेस्टिंगला सही करणाऱ्याचा.

आता तुम्ही विचारलेले आकडे. हे माझ्या शॉपच्या आणि भोसरी, तळवडे, चाकण पट्ट्यातल्या ओळखीच्या काही शॉपच्या पगारपत्रकावरून सांगतोय, यापलीकडे दावा नाही. नवखा आयटीआयवाला हातात १५ ते १८ हजार. तुमची दोन्ही बोलावणी यात बसतात, म्हणजे दराच्या बाबतीत तुम्हाला कुणी गंडवत नाहीये. तीन-चार वर्षांनी ड्रॉइंग घेऊन एकट्याने पॅनेल उभा करणारा २२ ते २८. टेस्टिंग करून, ग्राहकाचं इन्स्पेक्शन सांभाळून, साइटवर कमिशनिंगला जाणारा ३० ते ४०, वर साइटचा भत्ता. त्यात वायरमनचा सरकारी परवाना काढलेला असेल तर साइटवर आधी त्याला पाठवतात. मोठ्या कंपनीतले परमनंट कामगार, जिथे युनियन आहे आणि दर तीन-चार वर्षांनी करार होतो, ते या सगळ्यांच्या वर आहेत. पण ठेकेदाराच्या गेटमधून परमनंटच्या गेटमध्ये गेलेली मुलं मी बोटावर मोजण्याइतकी पाहिलीत. सात महिन्यांनी ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर परत, हा खेळ तुमच्या अप्रेंटिसशिपमध्ये तुम्ही पाहिलाच असेल.

मुंबईकडचं विचारलं नाहीत, पण ठाणे, रबाळे, वसईकडे दर थोडा चढा असतो आणि तो वरचा पैसा खोलीभाड्यात जातो. वाळूजला उलट, पगार कमी, पण तुमच्या गावाला जवळ आणि राहणं स्वस्त. घरी दर महिन्याला पैसे पाठवायचे असतील तर उरतात किती, ते तिन्हीकडे फारसं वेगळं निघत नाही.

यात मला माहीत नसलेली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एकच: घरची परिस्थिती. बहिणीचं लग्न अंगावर आहे, वडिलांचं कर्ज आहे, दर महिन्याला ठरावीक रक्कम पाठवायचीच आहे, तर चाकणला जा. दुप्पट ओव्हरटाइम देणारा ठेकेदार असेल तर महिन्याला बावीस-तेवीस हजार हातात येऊ शकतात, भोसरीचा मालक तेवढे देणार नाही. फक्त पहिल्याच दिवशी मनाशी मुदत घाला, एक वर्ष. त्या वर्षात सुट्टीच्या दिवशी ड्रॉइंग वाचायला शिका, आणि लाइनवरच्या टेस्टिंग स्टेशनला बदली मागत राहा, सुपरवायझर वैतागेपर्यंत.

तशी ओढ नसेल तर मी भोसरी धरली असती, पण आत्ताच्या शब्दावर नाही. मालकाला सांगा, सतराच द्या, पण बँकेत द्या. नेमणूकपत्र द्या, ईएसआय काढा, आणि आठ तासांनंतरचा दर ठरवा. चारपैकी पहिल्या तीन गोष्टींना त्याला महिन्याला सहाशेच्या आत खर्च येतो, कारण सतरा हजारांवर त्याच्या वाट्याचा ईएसआय ५५३ रुपये होतो. तुमचे १२८ कापले जातील, ते जाऊ द्या. त्याने कां कू केली तर पैशांची अडचण आहे असं समजू नका, त्याला तुमचं नावच कुठे नको आहे. मग चाकणची बस पकडा.

आणि भोसरीला हो म्हणण्याआधी दुपारी तीनच्या सुमारास एक चक्कर टाका. मुलं काय करतायत ते बघा. प्रत्येक पॅनेलच्या दारावर ड्रॉइंग चिकटवलेलं असेल आणि मुलगा त्यावर पेनने खुणा करत वायर ओढत असेल, तर ते शॉप तुम्हाला शिकवेल. ड्रॉइंग मालकाच्या केबिनमध्ये आणि मुलं 'मागच्या पॅनेलसारखं कर' यावर चालली असतील, तर तिथे सतरा हजारांत तुम्ही लाइनवरचंच काम करणार आहात, फक्त पीएफशिवाय.

ठेकेदाराची फोड लेखी मिळाली की हजेरी भत्त्याची अट आणि ओटीचा दर एवढं मला कळवा, आकडे पुन्हा मांडून देतो.